आत ये म्हटल्याशिवाय

१६ नोव्हें., रवि.
केमिस्ट्रीची टेस्ट चालू असताना ओंकारची चिठ्ठी आली. "व्हॅम्पायर वरण-भात खाईल का?" मी मागे लिहिलं, तुझा खात असेल, आधी इक्वेशन बॅलन्स कर. टेस्टमध्ये दोघंही आपटलो.

गोष्ट आमच्या दोघांची. एक भाग तो लिहितो, एक मी. विवान त्याचा, तारा माझी. विवान तीनशे वर्षांचा, कंधारच्या किल्ल्यात राहतो. किल्ला मी दिला, माझं गाव आहे म्हणून. तारा सतराची, बारावी सायन्स, फार विचार न करता माझ्यासारखी. गोष्टींच्या ॲपवर दोघांचं मिळून एकच खातं आहे. इथे लातूरला होस्टेलवर रेक्टर मॅडम मोबाईल देतात फक्त पाच ते सहा. त्यामुळे आमच्या रात्रीच्या राजाला उन्हं उतरायच्या आत सगळी कामं उरकावी लागतात.

१९ नोव्हें., बुध.
व्हॅम्पायरला मराठीत काय म्हणायचं यावर वाद. "रक्तपिपासू" लिहिलं की पुढारी डोळ्यासमोर येतो. व्हॅम्पायरच ठेवलं.

नियम ठरवले. एक, ऊन चालत नाही. दोन, घरातल्या माणसाने "आत ये" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही.

ओ.ने मोठा भयानक भाग लिहिला. वारा, कुत्री रडतायत, विवान ताराच्या दारात. पुढचा भाग माझा. ताराची आई दार उघडते आणि म्हणते, "बाहेर का उभा टाकलास बाबा? ये की आत, चहा टाकते." संपलं. एका बाईने कमेंटमध्ये नुसती हसणारी तोंडं पाठवली. ओ. चिडला, "माझी सगळी भीती घालवलीस." मी म्हटलं, मी काय करू, आपल्याकडे माणसं अशीच आहेत. दारात कोणाला उभं ठेवतात का आपल्याकडे?

३० नोव्हें., रवि.
विवान ताराला म्हणाला, तुझ्या बोटांना शाईचा वास येतो. मी माझी बोटं हुंगली. खरंच येतो.

वर्गात ओ. दोन बाक पुढे बसतो. समोरासमोर बोलणं एवढंच, "पेन दे", "पेन घे". बाकी सगळं विवान बोलतो. स्नेहल (माझी रूममेट, नायगावची, जीभ तिखट) म्हणते, "गोष्ट हाय का चिठ्ठ्या हायेत गं ह्या?"

वाचणाऱ्या बायका विचारतात, चावणार कधी? ओ. म्हणतो, विवान खानदानी आहे, तो असलं काही करणार नाही.

मला ओ. आवडतो. लिहिलं. खोडणार नाही.

२२ डिसें., सोम.
काल ओ.च्या गावी हुरड्याला गेलो. मुखेडच्या पुढे. मी, स्ने. आणि वर्गातली अजून दोघं. लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

शेतात सगळं छान होतं. ओ.च्या आई स्वतः कणसं चोळून माझ्या हातावर गरम हुरडा ठेवत होत्या. "खा गं बाई, लई वाळलीस." शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. बालाजी दादा (ओ.चा चुलतभाऊ, घर एकच) कणसं भाजायची आगटी पेटवत होता. मग काकूंनी सहज विचारलं, "आडनाव काय म्हणलीस बाळा?" मी काही म्हटलं नव्हतं. आता सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं व्हय." आणि पुढची कणसं स्ने.च्या हातावर चोळली.

नंतर घरी चहाला गेलो. निळा दरवाजा, दगडी उंबरा, उंबऱ्यावर घोड्याची नाल ठोकलेली. सगळे आत गेले. मी चपला काढत होते, तेवढ्यात काकू बाहेर आल्या. "तू बस की इथंच ओसरीवर. वारं लागतंय छान." स्ने. आतून ओरडली, ये की गं. काकू म्हणाल्या, "राहू दे तिला, आत उकडायलंय." डिसेंबरात.

आत सगळ्यांना कपबशी. मला कागदी कप.

ओ. दारापर्यंत आला. नालेपाशी थांबला. माझ्याकडे बघितलं. कपाकडे बघितलं. आणि आत गेला.

ओरडलं नाही कोणी, हाकललं नाही. चहा गोड होता, मी सगळा प्यायले. त्याचाच राग येतोय मला सगळ्यात जास्त.

आम्ही बौद्ध आहोत आणि ते पाटील, हे काय मला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण दारात कोणाला उभं ठेवतात का आपल्याकडे, असं मीच म्हटलं होतं ना.

२४ डिसें., बुध.
क्लासच्या गेटवर ओ. भेटला. पहिल्यांदाच पेन न मागता बोलला.
"आई तशी न्हाई गं. जुन्या वळणाची हाय."
मी म्हटलं, "आईचं जाऊ दे. तू?"
"मी काय करणार होतो तिथं? सगळ्यांसमोर?"
"ये म्हणायचं होतं. एकच अक्षर."
तो बुटाने खडा ढकलत राहिला. मग म्हणाला, पुढचा भाग तुझा आहे, लवकर टाक, लोक वाट बघायलेत.

२८ डिसें., रवि.
टाकला.

तारा विवानच्या घरी जाते. दिवस आहे तरी तिला अंग जड वाटतं, पाय उचलत नाही. दाराशी पोचल्यावर कळतं, तीनशे वर्षं ज्याला आत घेत नाहीत तो विवान नव्हताच. ती आहे. तिलाच कोणी ये म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. निळा दरवाजा. दगडी उंबरा. नाल. आतून कपबशांचा आवाज. विवान दारात येऊन उभा राहतो. भाग इथे संपतो.

दार तेच लिहिलं. मुद्दाम. दुसरं दार मला सुचलं नाही आणि सुचवून घ्यायचंही नव्हतं.

पुढचा भाग त्याचा. आता त्याने ठरवावं विवान काय म्हणतो ते.

३ जाने., शनि.
वाचणाऱ्या भडकल्यात. तारा कशी काय व्हॅम्पायर, आमची फसवणूक केली. एका ताईने फक्त लिहिलंय, "मला कळलं गं." त्या एका ओळीवर मी रडले.

खाली एक कमेंट, फोटो नसलेल्या खात्यावरून: "हा निळा दरवाजा कुणाचा ते आम्हाला माहीत आहे. तारा कोण तेही माहीत आहे. सांभाळून."

ओ.ला दाखवली. त्याचं तोंड पांढरं पडलं. "बालाजी दादा. काढून टाक तो भाग."
"नाही काढणार."
"तुला कळंना का? ते लई वाईट हायेत."
"ते म्हणजे कोण, ओंकार? तुझ्याच घरातले ना?"
तो हळूच म्हणाला, "मी लिहितो पुढचा. शप्पत. जरा थांब."
मला भीती वाटते. त्याच्यासाठी जास्त की माझ्यासाठी, ते कळत नाही.

९ जाने., शुक्र.
ओ. क्लासला नाही. त्याच्या खोलीतला पोरगा सांगत होता, चुलतभाऊ बुलेटवर आला, पुस्तकं पोत्यात भरली आणि घेऊन गेला. आता थेट परीक्षेलाच येणार म्हणे. "गालावर वळ होता," असंही म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

११ जाने., रवि.
पप्पा लातूरला आले. युनिफॉर्मवरच, ड्युटी बदलून.

पप्पा कंडक्टर आहेत, मुखेडकडच्या गाड्यांवर असतात. परवा एकाने तिकीट घेता घेता म्हटलं, "पोरगी लातूरला असती न्हवं तुमची? गोष्टी लई छान लिहिती म्हणं. जपा." आणि सुटे पैसे न घेता उतरला.

बॅग भरली. स्ने.ने मिठी मारली, नेहमीसारखं टोचून काही बोलली नाही, त्यानेच जास्त कसंतरी झालं.

कंधारच्या गाडीत पप्पा म्हणाले, दाखव ती गोष्ट. सगळे भाग वाचले, चष्मा वर-खाली करत. ताराच्या आईच्या चहाला हसले. "ही तुझी आईच हाय की." शेवटच्या भागाला फोन बंद करून मांडीवर ठेवला.
"ही दारात उभी टाकलेली तूच का?"
"हाव."
मी त्यांना गावाचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "त्या गावात गाडी वळवायला थांबते माझी. मी पाणी मागत न्हाई तिथं. म्हणून बाटली घेऊन जातो."

ती हिरवी बाटली. घरातल्या कोणालाही हात लावू देत नाहीत. मला वाटायचं पोट नाजूक आहे त्यांचं. सगळी नोकरी ते लोकांना "आत चला, आत सरका" म्हणत आलेत.

१८ जाने., रवि.
कंधार. आई माझ्यावर सावलीसारखी. पीठ आणायलासुद्धा एकटी सोडत नाही. सकाळी विहारात वंदनेला गेले, डोळे मिटले की निळा दरवाजाच दिसतो.

पप्पांनी गाडीत घेतलेला मोबाईल परत दिला. "लिहायचं तर लिही. कोणाच्या भेटीला जायचं मात्र न्हाई." आई त्यांच्यावर ओरडली. घर पेटल्यावर पाणी कुठं शोधणार आहात, म्हणाली. 

पुढचा भाग कधी, अशा कमेंट येतायत. त्याची पाळी आहे. त्याच्या पाळीला मी लिहिणार नाही.

२९ जाने., गुरु.
खात्यात कच्चा भाग आलाय. अजून लोकांना दिसत नाही, फक्त खातं ज्यांच्याकडे आहे त्यांना दिसतो. चारच ओळी.

"विवान उंबऱ्यापाशी आला. म्हणाला, तारा, ये. आत ये. रविवारी घरचे सगळे लग्नाला जाणार आहेत. आखाड्यावर ये, मागच्या वाटेने. एकटी ये."

आखाडा म्हणजे शेतातलं त्यांचं घर, हुरडा खाल्ला तिथलं.

सव्वा महिना झाला या शब्दाची वाट बघतेय. आला, तर मी फोन पालथा घातला. फोन त्याच्याकडे आहे की बालाजीकडे? नियमात आम्ही लिहिलंय, घरातल्या माणसाने म्हटलं पाहिजे. घरातल्या कोणत्या माणसाने, ते लिहिलंच नाही.

त्यालाच माहीत असेल असं काहीतरी विचारावं म्हटलं. पण आमचं जे काही आहे ते गोष्टीत आहे, आणि गोष्ट सगळ्यांनी वाचलीय. वरण-भाताची चिठ्ठी तेवढी गोष्टीत नाही. पण शेजारी बसून त्याच्याकडून कोणी लिहून घेत असेल तर? मग उत्तर बरोबर आलं तरी काय उपयोग.

आणि तोच असेल तर? खरंच तोच असेल, आणि एकटा वाट बघत बसेल तर?

३१ जाने., शनि.
पप्पांना दाखवलं. राहवलं नाही.
"तुला काय वाटतं?"
"तोच असंल."
"आन नसला तर?"
पप्पांनी डोक्यावर हात ठेवला. मग उठून दाराची कडी लागलीय का ते दोनदा बघून आले. मी पप्पांना घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

१ फेब्रु., रवि.
पप्पा पहाटेच ड्युटीवर गेले. मुखेडलाच, दुपारची परतीची गाडी त्यांचीच.

सकाळपासून त्या चार ओळी वाचतेय. आज एक दिसलं, ते आधी दिसलं नव्हतं. घरी कोणी नसताना. मागच्या वाटेने. एकटी. हे त्याने लिहिलेलं असो की बालाजीने, ये म्हणणारा स्वतः उजेडात येत नाहीये.

आधी मला वाटलं तो व्हॅम्पायर, मग वाटलं मी. नियम दोन होते, आणि उंबऱ्याच्या रागात मी उन्हाचा विसरूनच गेले. उन्हात यायला मला कधीच कोणाची भीती वाटली नाही. ओसरीवर सगळ्यांसमोर बसून चहा प्यायले मी. दारातून मागे फिरला तो.

त्याच्या ओळींखाली माझ्या लिहिल्या. त्याची पाळी असून.

"तारा म्हणाली, मी आत येणार नाही. तू बाहेर ये. मागच्या वाटेने नाही, पुढच्या दाराने, सगळे बघत असताना. मुखेडची दुपारची गाडी कंधारला येते. त्यात बस आणि स्टँडवर उतर. मी फलाटावर उभी असेन. माझे वडील गाडीतच असतील, तिकीट त्यांच्याकडून घे."

आईला सांगितलं. ती आधी नको म्हणाली, मग रडली, मग साडी बदलून आली. दोघी जाणार आहोत.

ओ., तू असशील तर ये. खूप आवडतोस तू मला, पण तिकडे मी येणार नाही.

आत्ता बघितलं. कच्च्या भागाशेजारी हिरवा ठिपका लागलाय. तिकडे कोणीतरी वाचतंय.