सोनेरी काठाचे ग्लास

बौद्धवाडी, महाड
ता. २९ ऑक्टोबर १९८१

प्रिय महादू,

आईचा जय भीम आणि आशीर्वाद. आधी सगळ्यांची खुशाली विचारून घेते, रागाचं मग बघू. तुझी कंबर कशी आहे? शिडीवर चढताना पट्टा बांधतोस ना, की उकडतं म्हणून खुंटीला टांगून जातोस? तुझ्या खोलीतल्या केरळच्या जोसेफची दाढ काढली का? त्याला म्हणावं, लवंग धर आणि त्या बाजूने चावू नकोस. पेशावरच्या खानचाचांना घरून तीन महिने पत्र नव्हतं, ते आलं का? मी त्या माणसाला पाहिलेलं नाही, पण पोस्टमन दारावरून पुढे गेला की मला त्यांची आठवण येते. तुडीलचा इस्माईल रजा संपवून तुमच्याकडे कुवेतला नीट पोचला का? त्याच्या आईचे गुडघे आता बरे आहेत, मी तेल दिलं होतं. इथे नीला बरी आहे. तुझ्या छोटीचा खोकला अडुळशाने थांबला. मी ठणठणीत आहे. तुझे बाबा म्हणायचे, हिला राग आला की हिची तब्येत सुधारते. म्हणजे समज, सध्या किती चांगली असेल.

इस्माईलने तुझी खोकी आणून दिली. जड खोकी, बिचाऱ्याने बंदरापासून सांभाळून आणली, एक कोपरासुद्धा चेपला नाही. गालिचा आला, पडदे आले, भिंतीवर लावायचं धबधब्याचं चित्र आलं, प्लॅस्टिकची फुलं आली आणि सोनेरी काठाचे सहा ग्लास आले. सोबत ते लंडनच्या दुकानाचं जाडं पुस्तक आलं, ज्यात चित्र बघायचं, नंबर लिहून पाठवायचा आणि वस्तू बोटीने घरी यायची. नीलाने त्याला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलंय. तू लाल पेनाने ज्या पानांवर खुणा केल्यास ती पानं ती रोज दुपारी उघडून बसते आणि वितीने आपल्या भिंती मोजते. तिला मी हसत नाही. नवरा दोन वर्षं समुद्रापलीकडे असला की बाईने त्याच्या लाल खुणा तरी बघत बसायचं नाही तर काय करायचं? एका पानावर खोलीत शेकोटी आहे, चांगली संगमरवराची. आपल्याकडे अशी करता येईल का, म्हणून ती विचारत होती. मी म्हटलं, अगो, खरी चूल धूर करते म्हणून आत लपवायची आणि खोटी चूल बाहेर मांडायची, असं का? तेव्हा तीच हसायला लागली.

पडद्यांची तर तऱ्हाच. त्या पुस्तकातल्या खिडक्या दाराएवढ्या असतात, आपली खिडकी कोंबडी घुसेल एवढी. आठ फुटांचा पडदा लावायचा कुठे? शेवटी नीलाने तो नुसत्या भिंतीवरच लावला. आता येणारा माणूस वारा यावा म्हणून पडदा सारतो आणि मागे भिंत बघून माझ्याकडे बघतो. गालिच्याखाली सारवता येत नाही, मुंग्या मात्र तिथे सुखाने नांदतात. हे सगळं मी सोसलं. माझा लेक उन्हात लोखंड जोडतो आणि त्याला आपलं घर चांगलं दिसावंसं वाटतं, यात मला कधी वाईट वाटलं नाही. फक्त एक सांगते. तुझ्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकलेली बाई आहे मी, तू चुलीपाशी मोठ्याने वाचायचास आणि मी भाकरी थापता थापता बघायची. इंग्रजी मला येत नाही, म्हणून मी त्या पुस्तकातली चित्रंच नीट पाहिली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. एवढ्या खोल्या, एवढ्या खुर्च्या, आणि एकाही खुर्चीत माणूस नाही. कुणी दमून आलेलं नाही, कुणी पाणी मागत नाही. माणसं नसली की घर नीटनेटकं दिसतं, एवढंच मला त्या पुस्तकातून समजलं.

आता तुझं गणपतीच्या सुमारास आलेलं पत्र. ते मी नीलाला मोठ्याने वाचून दाखवलं, कारण घरातली पत्रं वाचायचा मान माझा. त्यात तू लिहिलंस: "नवे ग्लास शोकेसमध्ये कुलपात ठेवा. वाडीतल्या बायकांना देऊ नका, फुटतील. त्यांच्यासाठी वेगळे कप ठेवा. आणि दाराजवळचा तो माठ आता काढा, बरा दिसत नाही. तिथे झाडाची कुंडी ठेवा, पान १४६ बघा."

महादू, "वेगळे" हा शब्द तू लिहिलास? तुझा हात थांबला नाही?

तो माठ तिथे कुणी ठेवला, ते तुला ठाऊक आहे. तुझ्या बाबांनी हे घर स्वतः बांधलं, भिंती अजून ओल्या होत्या, छपरावर अर्धीच कौलं होती, आणि त्यांनी आधी दाराशी माठ आणून ठेवला. एकसारखे सहा पितळी पेले आणले. बाजारातला भांड्यांवर नावं घालणारा म्हणाला, नाव काय घालू? हे म्हणाले, काही नको. नाव घातलं की पेला कुणाचा तरी होतो. पाहुणा येवो, पोस्टमन येवो, कातकरीण येवो, नाहीतर मामलेदार येवो, त्याच सहांतला एक. कारण आम्ही लहान असताना बाजारातल्या चहाच्या दुकानात आमचे कप बाहेर कोनाड्यात असायचे. दांडी तुटलेले, कड उडालेले. चहा वरून ओतायचे, प्यायचा, आपणच विसळायचा आणि पालथा घालून परत कोनाड्यात ठेवायचा. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मी आणि माझी लहानपणापासूनची मैत्रीण बनु, तुझी बनुआत्या, आम्ही दोघींनी बोटं पोळत तो चहा प्यालेला आहे. तिचे वडील तळ्यावरून डोकं फोडून घेऊन आले होते, तेव्हा त्यांच्या धोतराच्या चिंध्या माझ्या आयेने फाडल्या होत्या. त्या तळ्याच्या गावात आपण राहतो. आणि तू मला लिहितोस, वेगळे कप ठेवा!

आणि तुला हे काय असतं ते माहीत नाही असंही नाही. तुझं पहिल्या वर्षीचं पत्र माझ्या ट्रंकेत आहे. तू लिहिलं होतंस, आई, इथे साहेबलोकांचा थंड पाण्याचा नळ आत आहे आणि आमचा बाहेर उन्हात, चुकून आतल्या नळाला हात लावला तर मुकादम सगळ्यांदेखत ओरडला, मला जेवण गेलं नाही. ते पत्र वाचून मीही जेवले नव्हते. पुढे लिहिलं होतंस, खोलीवर मात्र मी, जोसेफ आणि खानचाचा एकाच जगमधून पाणी पितो. त्या एका ओळीवर मी वर्षभर खूष होते. सगळ्या वाडीला वाचून दाखवली होती. मग आता काय झालं तुला? दोन वर्षांत सोनेरी काठ असा डोळ्यांवर आला का?

नीलाला एक अक्षर बोलू नकोस. ती पोलादपूरच्या माहेरची, इथल्या तळ्याचं, त्या कोनाड्यातल्या कपांचं तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि तू लिहिलंस तेवढं तिने केलं. पोलादपूरच्या सुताराकडून पान बघून शोकेस करून आणलं, काचेचं, कुलपाचं. पितळी पेले शोभेनात म्हणून मोडीत घातले, मी तेव्हा इस्माईलच्या आईकडे तेल द्यायला गेले होते. आणि जुन्या चहाच्या कपांतले तीन, एकाचीही दांडी धड नाही, ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवले. कोनाड्यातच. तिला कुणी सांगितलं नव्हतं की कोनाड्यात ठेव. जागा तेवढीच होती. माठ मात्र मी हलवू दिला नाही. मी बघितलं सगळं, चडफडले, आणि गप्प बसले. लेकाच्या पैशाचं घर, सुनेची हौस, म्हातारीने कशाला मध्ये तोंड घालावं, असं म्हणून गप्प बसले.

दसऱ्याला, आपल्या दीक्षेच्या दिवशी, नीलाचा भाऊ दत्ताराम पोलादपूरहून आपल्या कचेरीतल्या साहेबांना घेऊन घर बघायला आला. सोफ्यावर बसले, धबधब्याच्या चित्राचं कौतुक झालं, साहेबांनी पडदा सारून भिंत पाहिली. सोनेरी काठातून कोकमाचं सरबत झालं. एवढ्यात बनु आली. शेतातून तशीच, डोक्यावर पाटी, पाटीत तवशी, आपल्या त्या मोठ्या काकड्या. छोटीला आवडतात म्हणून दर वर्षी आणते. उंबऱ्याशी थांबली, गालिचा बघितला आणि मोठ्याने म्हणाली, "गो चंद्रे, ह्याच्यावर पाय ठेवू का डोई ठेवू? माझं पाय बघ कसं हायत, तुझ्या लेकाचं कुवेत मळंल गो!" साहेबसुद्धा हसले. मग ओट्यावरच टेकली आणि म्हणाली, "पानी दे बाय, घसा सुकला." तिला पाणी मिळालं. कोनाड्यातल्या कपातून मिळालं.

तिने कप हातात घेतला. एकदा कपाकडे बघितलं, एकदा आत, साहेबांच्या हातातल्या ग्लासाकडे. पाणी प्याली. उठली, मोरीकडे गेली, कप विसळला, आणि परत येऊन कोनाड्यात ठेवला. पालथा. चाळीस वर्षांत तिने या घरात प्यायलेलं भांडं कधी विसळलेलं नाही, उलट मलाच म्हणायची, धू गो, तुला काय काम हाय दुसरं. त्या दिवशी कुणी न सांगता तिचा हात पन्नास वर्षं मागे गेला. "येत्ये" म्हणाली. पाटी रिकामी करून तवशी ओट्यावर ठेवली आणि गेली.

आज एकवीस दिवस झाले, ती आलेली नाही. रोज दुपारी सुपारी कातरायला येणारी बाई. परवा तिच्या भिकूचं मुंबईहून पत्र आलं. त्याने गिरणी धरली तेव्हापासून त्याचं प्रत्येक पत्र मी वाचून दाखवलंय, त्याच्या लग्नाचं, त्याच्या हाताच्या बोटाचं. हे पत्र तिने पोस्टमनकडून वाचून घेतलं. पोस्टमनच मला सांगत होता, आज बनुबाईंनी मला वाचायला लावलं, तुम्ही आजारी का? मी त्याला शोकेस उघडून सोनेरी काठाच्या ग्लासातून पाणी दिलं. बिचाऱ्याचा हात ओला, ग्लास निसटला आणि फुटला. तो खाली बसून काचा वेचायला लागला. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला आणखी एक भरून दिला.

तेव्हा ऐक. तुझे उरलेले पाच ग्लास आता माठाजवळ आहेत. ज्याला तहान लागेल तो त्यातून पिईल, आणि फुटतील तेव्हा फुटतील. कोनाड्यातले तिन्ही कप मी मोरीच्या दगडावर आपटून फोडले, नीला बघत राहिली, मग तिला बसवून सगळं सांगितलं. ती रडली. शोकेसमध्ये आता छोटीची पुस्तकं आहेत, आणि कुलूप नाही. कुंडीबिंडी येणार नाही. पान १४६ तू तुझ्या खोलीत लाव.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. इतका वेळ तुला वाटलं असेल की बनुला तो कप नीलाने दिला. मी तसं वाटू दिलं. चार पानं तुझ्यावर ओरडले म्हणजे ती ओळ लिहावी लागणार नाही, असं मला वाटत होतं. कप मी दिला, महादू. नीला आत सरबत देत होती. मी ओट्यावर होते, शोकेसची किल्ली माझ्याच कमरेला होती. बनुने पाणी मागितलं, आत साहेब बसले होते, आणि माझा हात वर कोनाड्याकडे गेला. मला कुणी सांगितलं नव्हतं. तू लिहिलंस, नीलाने ठेवलं, पण दिला मी, जिची बोटं त्या कपाने पोळली होती तिने. मी दोनदा तिच्याकडे जायला निघाले, तिच्या कुडापर्यंत गेले आणि परत आले. रिकाम्या हाताने जायचं आणि काय म्हणायचं? म्हणून तुझ्याकडे एक मागते. तू बनुआत्याला पत्र लिही, तिच्या नावाने, पाकिटावर माझा पत्ता घाल. कपाबद्दल तू काही लिहू नकोस, ते माझं मी माझ्या तोंडाने बोलेन. तू फक्त तिची खुशाली विचार, तवशी कशी झाली विचार, आणि लिही की रजेवर येशील तेव्हा आधी तिच्या घरचं पाणी पिशील आणि मग आपल्या घरी येशील. पत्र हातात असलं म्हणजे मला तिच्या दारात उभं राहता येईल. वाचून दाखवायला आले, एवढं तरी म्हणता येईल. ती ऐकून घेईल की नाही ते मला माहीत नाही. तेव्हा माझ्या पत्राचं उत्तर मागाहून दे, चालेल. तिचं पत्र आधी टाक, आणि बाबा, उशीर करू नकोस.

तुझीच,
आई