अकोल्याहून वीस मिनिटे

६ ऑगस्ट १९७६, शुक्रवार
श्रावण शु. द्वादशी. चि. श्रीधरचे अंतर्देशीय आले. कपाशीवर औषध फवारणाऱ्या विमानाचा तो वैमानिक. सध्या मुक्काम अकोल्याच्या विमानतळावर. लिहितो, "आईच्या वर्षश्राद्धाला रजा मिळत नाही. पण त्याच सकाळी विमान यवतमाळकडच्या धावपट्टीवर न्यायचे आहे. बहात्तर मैल, पाऊण तास. कामरगाव बरोबर त्या रेषेखाली येते. सातला निघून सात वीसला घरावरून जाईन. अप्पा, माळवदावर उभे राहा."
एकुलता पुत्र. पिंडदानाचा पहिला अधिकार त्याचा. मूर्तिजापुरास एस.टी. बदलून यावयास अर्धा दिवस लागतो, आकाशमार्गे वीस मिनिटे. तरी यावयाचे नाहीच. उत्तर लिहिले नाही.

११ ऑगस्ट
शाळेतून जिल्ह्याचा नकाशा मागून आणला. दोरा ताणून पाहिला. खरेच, गावावरूनच जातो.
पोथी मोठ्याने वाचण्याची सवय सुटत नाही. ती डाळ निवडीत ऐकत असे. संस्कृत कळत नसे, परंतु श्लोक गाळला की तिचा हात थांबे. आज एक गाळून पाहिला. पुढे वाचीत गेलो.

१९ ऑगस्ट
उद्या दशमी, तिची तिथी. शिडीच्या पायऱ्या तपासल्या. शेजारच्या चंद्रभागाबाई दूध घालावयास आल्या होत्या. "अप्पा, कायले वर चढून राह्यले? पाय घसरला त इमानाच्या आदी तुमीच उडसान." बऱ्याच दिवसांनी हसू आले.

२० ऑगस्ट, शुक्रवार
श्रावण वद्य दशमी. साडेसहापासून माळवदावर. आकाश निरभ्र. सात वीस. आठ. नऊला खाली उतरलो.
भटजी म्हणाले, "पुत्राच्या वतीने आपणच बसा." बसलो. मध्याह्नी पिंड दिले. संकल्पात त्याचे नाव उच्चारले.
कावळा लगेच शिवला. तिची तक्रार नसावी. माझी आहे.

२६ ऑगस्ट
श्रीधरला पत्र लिहिले. वीस मिनिटेही आईसाठी नसतील तर, असा आरंभ होता. फाडले.

३१ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी संध्येस बसलो होतो. भिंतीपलीकडून चंद्रभागाबाई, "अप्पा, भायेर या. आलं न तुमचं इमान."
पळी ठेवून अंगणात धावलो. शिडी गाठण्यास अवधी नव्हता. पिवळे विमान, पुष्कळ खाली आलेले. घराभोवती एक फेरी घेतली आणि पूर्वेस गेले. मी कडुनिंबाखाली होतो. वरून दिसलो नसेन. रिकामे माळवद मात्र त्याने पाहिले.
गतवर्षी ती गेली ती तारीख एकतीस. त्याने तारीख धरली, मी तिथी. त्याच्या बिऱ्हाडी पंचांग नाही हे मला ठाऊक होते. तिथी वीस तारखेस येते, एवढी एक ओळ लिहिली असती तरी…
दुपारी पत्रास बसलो. श्राद्ध वीस तारखेस उरकले, हे कळवावे काय? आजचाच दिवस आईचा, असे धरून तो गेला आहे. ते तूर्त लिहिले नाही. एवढेच लिहिले: पितृपक्षात अविधवा नवमी येते, सौभाग्यवती गेलेल्या मातेचे श्राद्ध त्या दिवशी करतात. शुक्रवार, १७ सप्टेंबर. एस.टी.ने ये.
खाली आणखी एक वाक्य घेतले आहे, "आज मी माळवदावर नव्हतो, कारण". त्यापुढे लेखणी सरत नाही. टपाल पाचला निघते. साडेचार झाले.