दुसऱ्या कानातलं नाव

८ नोव्हेंबर १९२६, रत्नागिरी

मुलगी झाली म्हणून सुईणीने तोंड वाकडं केलं. करू दे! तोंड तिचं, मुलगी माझी.

नाव मी ठरवलंय. साळवी. — हो, साळवी! माझं माहेरचं आडनाव. कुणाच्या मुलीचं असं नाव ऐकलंय का? नाही ना? मग आता ऐका.

माझा एकुलता भाऊ महिपत गेल्या आश्विनात मचवा घेऊन समुद्रावर गेला तो परत आला नाही. तेव्हापासून जो तो ओटीवर बसतो, माझ्या वडिलांची, आबांची तंबाखू खातो आणि म्हणतो, काशीराम साळव्याचं घर बुडालं. आबा ऐकून घेतात. आणि मी कोण? मी इथे आतल्या खोलीत बाजेवर जिवंत आहे, दोन वेळा पेज पिते आहे. पण मला कोण धरतो! मी आता सुर्वे.

लग्नात यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने 'दमयंती' लिहिलं. त्याआधी मी मैना साळवी होते. एका ताटात माझी दोन्ही नावं गेली. मला कुणी विचारलं नव्हतं. आता मीही कुणाला विचारणार नाही.

११ नोव्हेंबर

आबांना सांगितलं. त्यांनी विडी पेटवली. मग म्हणाले, बायकांचं नाव ते काय गो मैने, उद्या हिलाही देशील लग्न करून, तांदळात पुसतील.

मी म्हटलं, पुसेपर्यंत तरी या अंगणात साळवी म्हणून कुणाला हाक मारता येईल.

उठून बंदरावर गेले. ना हो म्हणाले, ना नाही.

१७ नोव्हेंबर

उद्या बारसं. हेदवीहून सासूबाई आल्या, वन्संना घेऊन. वन्सं म्हणजे यांची बहीण यमुनाबाई. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान त्यांचा. नाव घरूनच ठरवून आणलंय — सुशीला.

मी माझं सांगितलं. सासूबाईंना आधी वाटलं मी थट्टा करते आहे. मग चढल्या! पोर सुर्व्यांची, पाळणा सुर्व्यांचा आणि नाव साळव्यांचं? आडनाव कधी कुणी पाळण्यात घातलंय?

पाळणा आबांनी जुन्या मचव्याच्या फळ्यांचा केलाय, तेवढं मी सांगून टाकलं. ते सांगायला नको होतं बहुतेक.

१८ नोव्हेंबर

झालं बारसं!

वन्संनी पोरीला घेतलं, उजव्या कानात 'सुशीला' सांगितलं, कुर्र केलं. बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, हसल्या. मी उठले. पोरीला उचललं, डाव्या कानाशी तोंड नेलं आणि दाराशी बसलेल्या बायकांनाही ऐकू जाईल असं म्हटलं — साळवी. दुसरा कान मोकळाच होता!

घुगऱ्या वाटायच्या तशाच राहिल्या. सासूबाई पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी मेले तरी हे नाव माझ्या तोंडातून निघायचं नाय."

बरं! माझ्या तोंडातून दुसरं निघायचं नाही.

आबा मागच्या दारी नारळ सोलत होते. सगळं संपेपर्यंत आत आले नाहीत. मला वाटलं होतं, निदान ते तरी माझ्या बाजूने एक शब्द बोलतील.

१९ मार्च १९२७, हेदवी

शिमग्याला हे मुंबईहून आले. गोदीत काम करून चांगलेच वाळलेत. दोघींची तोंडं दोन दिशांना बघून म्हणाले, घरात सुशीला म्हणा, बाहेर काय ते म्हणा.

बाहेर म्हणजे कुठे? विहिरीवर?

सुट्टी संपेपर्यंत पोरीला 'पिल्लू' म्हणून सुटले. जाताना होडीत बसल्यावर मात्र ओरडले, साळवीला दूध देत जा गो! सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. हा माणूस मला आज फार आवडला.

२ जून १९२८

सासूबाईंनी सुशीले, सुशीले करून घसा बसवला. पोर ढुंकूनही बघेना, कोंबडीच्या मागे. मी चुलीपाशी बसूनच म्हटलं, साळवी. ओ!! — दुडदुडत आली.

दिवसभर माझ्या भाकऱ्या फुगत होत्या.

१४ डिसेंबर १९३०, रत्नागिरी

माहेरी आले आहे. आबा थकलेत. आता समुद्रावर जात नाहीत, नुसते बंदरावर जाऊन बसतात.

त्यांचा चुलतभाऊ धोंडू रोज येतो, त्यांना तात्या म्हणतो. म्हणतो, तात्या, माझा बाबल्या दत्तक घ्या, साळव्यांचं नाव चालेल. त्याचा डोळा नारळीच्या आगरावर आहे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. आबा त्यालाही हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. सगळ्यांना सारखंच टांगून ठेवतात!

आणि पोरीला? 'ये गे बाय', 'जा गे बाय'. चार वर्षांत एकदा नावाने हाक नाही. आज विचारलंच, का मारत नाही?

म्हणाले, "बंदरावर महिपतालाच साळवी म्हणायचे सगळे. तोंडात येत नाय गो."

मग मी कुणासाठी भांडले? मला त्यांचा राग आला. महिपतची फार आठवण झाली, त्याचाही राग आला.

२० जून १९३२, हेदवी

शाळेत घातली. मास्तर म्हणाले, आडनाव नंतर, आधी नाव सांग बाळ. पोर म्हणाली, साळवी. मास्तर म्हणाले, ते आडनाव झालं, नाव? पोर म्हणाली, साळवी रघुनाथ सुर्वे, तुम्हाला ऐकू येत नाही का?

तिला दटावलं. वळणावर गेल्यावर पोटभर हसले. सासूबाईंना सांगितलं नाही, पण त्यांना कुणीतरी सांगितलंच. सुशीला नावाच्या मुली वाया जात नाहीत म्हणे.

९ जानेवारी १९३३, रत्नागिरी

आबा गेले. मी पोचले तेव्हा बोलत नव्हते.

१८ जानेवारी

आज दहावा. पुरुष माणसं उन्हं कलल्यावर समुद्रावरून परतली. पिंडाला कावळा शिवला नाही.

धोंडूने हात जोडून सांगितलं म्हणे — तात्या, बाबल्या तुमच्या नावावर दिला, साळव्यांचं नाव मी चालवतो. कावळे लांब बसून राहिले. आगर सांभाळतो म्हणाला, तरी नाहीत. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

मी कावळ्याबिवळ्याला मानत नाही. त्यांना भूक लागली की ते येतात. पण धोंडूची बायको मागच्या दारी मला ऐकू जाईल असं बोलली. लेकीने बापाच्या नावाचं हसं केलं, बंदरावर तोंड दाखवायची चोरी झाली म्हाताऱ्याला, तेच अडलंय. नाव बदल, म्हणाली, तेराव्याला तरी जेवेल.

मी म्हटलं, बदलणार नाही. कावळा उपाशी राहिला तरी चालेल.

म्हटलं खरं. पण आबा, तुम्हाला खरंच आवडलं नव्हतं का? एकदा तरी सांगायचं होतं. मी भांडायला घाबरले नसते, पण मला कळलं तरी असतं. आता कुणाला विचारू?

२१ जानेवारी

आज तेरावा. सासूबाई हेदवीहून आल्या. अंगणात पान मांडलं. सगळे लांब उभे. कावळा कौलांवर बसलेला, पण उतरेना. धोंडू परत हात जोडून पुढे झाला, काहीबाही बोलला. काही नाही.

तेवढ्यात घरातून पोर धावत सुटली, हातात आबांची विडी — पानावर ठेवायची राहिली होती. आता कावळा उडणार! सासूबाई ओरडल्या, सुशीले! पोर थांबेना. सुशीले! पोर पानापाशी पोचली. आणि सासूबाईंच्याच तोंडून निघालं —

"साळवी! मागे फीर!"

पोर जागच्या जागी थांबली, ओ म्हणाली, मागे फिरली. आणि कावळा सरळ खाली आला, पानावर.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. माझ्याकडे बघितलं नाही, पानाकडे बघत म्हणाल्या, "मी पोरीला हाक मारली गो. ओ व्याह्यांनी दिली."