ठराव माझ्या अक्षरात

२२ जानेवारी १९७९, सोमवार
पोलादपूरहून आले: रॉकेल २ लिटर, ३ रु. तीळ-गूळ मिळून ६ रु. आईंच्या छातीला चोळायचे औषध २ रु. ४० पै. शाईची दौत १ रु.
ट्रकने आले: लोखंडी पाइप. शाळेजवळ रस्त्याकडेला रचलेत. सरकारी. किंमत ठाऊक नाही.
बौद्धवाडीच्या नळाचे आहेत. कसे झाले ते लिहून ठेवते, पुढे विचारतील. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. मॅट्रिक झालेली म्हणून ठरावाचे पुस्तक माझ्यापुढे सरकवले. बौद्धवाडीतली चंद्राबाई पडवीखालून, उन्हात उभी राहून म्हणाली, "आमच्या वाडीला नळ कवा?" गलका झाला. सरपंच हसून म्हणाले, "घ्या हो लिहून, घ्या." मी लिहिले. कुणी नाही म्हटले नाही, म्हणून 'सर्वानुमते' लिहिले. खाली सगळ्यांनी न वाचता सह्या, अंगठे केले. दरवर्षी तसेच करतात.
जप ११ माळा.

२४ जाने., बुधवार
दुपारी सरपंच आले, बरोबर गावकीचे तात्या. गावकीत तात्यांचा शब्द शेवटचा, सरपंचही त्यांच्यामागून जोडे काढतात.
सरपंच: "वहिनी, 'घ्या लिहून' म्हटलं म्हणजे लिहायचं नसतं. तेवढ्यापुरतं गप्प करायचं असतं."
मी म्हटले, पुस्तक पुढ्यात होते, तुम्ही लिहा म्हणालात.
तात्या: "मॅट्रिक झालेली ना ती. तिला साधं कसं कळायचं?" दोघे हसले. चहा प्याले. मग तात्या हसायचे थांबून म्हणाले: वरच्या टाकीची नळी आपल्या वाडीतून खाली त्यांच्यात जाणार. एका नळीचे पाणी, हे गावकीला चालणार नाही. मी लिहून द्यायचे: असा ठराव झाला नव्हता, लिहिताना माझी चूक झाली. खाली सही. तेवढ्यावर तालुक्याचे काम थांबेल.
कोरा कागद देव्हाऱ्यासमोर ठेवून गेले. मुद्दाम तिथेच.

२९ जाने., सोमवार
भात भरडायला गिरणीवर गेले. गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. आत गिरणी चालू होती. त्याला ओरडून सांगावे लागले, तेव्हा मला ऐकू आले. मलाच हसू आले. घरी येईपर्यंत गेले.
शेजारच्या शांताने कुंपणावरून ताक दिले नाही. उसनी नेलेली चाळण पायरीवर ठेवून गेली, हाक न मारता.
यांना पत्र टाकले, सगळे लिहिले. हे परळला छापखान्यात, सुटी मिळत नाही. पण शिमग्याला येतील.

३ फेब्रुवारी, शनिवार. रथसप्तमी
हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. काल घरोघर जाऊन बोलावणे केले. सडा, रांगोळी. तिळाच्या वड्या ४२. चार वाजल्यापासून दारात बसले.
शांताची धाकटी धावत आली होती. आईने मागून हाक मारली, ती अंगणातून परत फिरली.
दिवेलागणीला आई अंथरुणावरून म्हणाल्या, "कोन कोन आलं गो?" म्हटले, येऊन गेल्या. रथसप्तमीला खोटे बोलले.
वड्या डब्यात भरल्या. ४२.

११ फेब्रु., रविवार
देवळात गावकी बसली. बायकांना आत घेत नाहीत, मी बाहेर चाफ्याखाली उभी होते. तात्यांचा आवाज बाहेर आला: शिमग्याची पालखी फिरायच्या आत कागद आला नाही तर घर वाळीत. बोलणे बंद, देणेघेणे बंद, पालखी दाराशी थांबणार नाही. आणि घरात कुणी गेले तर खांद्याला कोणी जायचे नाही.
शेवटचे सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. सगळ्यांना ठाऊक आहे आमच्या घरात कोण आजारी आहे.
माळा ५ च झाल्या.

२० फेब्रु., मंगळवार
आईंना पायावर सूज. डॉक्टर पोलादपूरहून आले, बाहेर येऊन म्हणाले, काळजी घ्या. कसली, ते नाही बोलले. आईंना कागदाचे कळले आहे, कोणी सांगितले देव जाणे. विचारत होत्या, "पालखी येल ना गो दारात? माझा नवसाचा नारल हाय. मंग मी मोकली." नारळ त्यांनी दिवाळीलाच बाजूला काढलाय, उशाशी.
चंद्राबाई आली. पायरीखाली उभी. तिच्या हातात दळलेले तांदळाचे पीठ, तिच्या जात्यावरचे. मी वर ये म्हटले. चहाला कप आणायला हात सवयीने वळचणीकडे गेला, तिथे तिच्यासाठीचा कप असतो. मग फळीवरचा घेतला. तिने ते पाहिले मात्र.
म्हणाली, "माझा आजा म्हाडच्या तल्यावर गेलता. मला तेवडं लांब नाय जायाचं, दारात नल आला तरी बास. पन बाई, तुमची म्हातारी... तुमी कागद दिऊन टाका. आमी पुन्यांदा मागू. आमाला सवय हाय."
जाताना वळून म्हणाली, "तशी वेल आलीच, तर आमच्या वाडीतलं चौघं खांद्याला येतील."
आईंना विचारले नाही हे चालेल का. मला स्वतःलाही अजून विचारले नाही.
पीठ ठेवून घेतले. भाकरी केली. आईंना सांगितले नाही कुठले.

२ मार्च, शुक्रवार
सकाळी पाण्याला जाताना पाहिले, पाइपांची तोंडे चिखलाने बंद केलेली. एक न् एक. वारा सुटला की ते घुमायचे, सव्वा महिना तो आवाज कानात होता. आज वारा होता, आवाज नव्हता.
विहिरीवर मी गेले तशा चौघी कळशा अर्ध्या घेऊन निघाल्या.
देव्हाऱ्यासमोरचा कागद उचलला. 'मी खाली सही करणार' एवढे लिहिले आणि थांबले. पुढे 'असा ठराव झाला नव्हता' लिहायचे. झाला होता. मी तिथे होते. देवासमोर बसून ते कसे लिहू.
पण आई.
कागद पोथीत घालून ठेवला.

१३ मार्च, मंगळवार. होळी
मुंबईकर आले, तीन एस.ट्या भरून. प्रत्येक एस.टी. ला गेले. हे नाहीत. यांच्या खोलीतल्या सोबत्याला विचारले, तो पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "येतील, येतील." माझ्याकडे न बघता.
माझ्या पत्राला उत्तर नाही. सहा आठवडे झाले.

१६ मार्च, शुक्रवार
पालखी आली. आईंना उचलून ओटीवर बसवले, पाठीला गाठोडे लावले. त्यांनी नारळ मांडीवर धरला. ढोल शांताच्या दारात वाजला, तिने ओवाळले. मग पालखी आमच्या अंगणाच्या कडेपर्यंत आली. आईंनी नारळ दोन्ही हातांनी वर उचलला.
ढोल थांबला. पायांचा आवाज तेवढा आला. पुढच्या घरापाशी ढोल पुन्हा सुरू.
आईंचे हात तसेच वर. मी नारळ काढून घेतला तेव्हा म्हणाल्या, "कोनाचं घर समजलं गो त्यानी?"
संध्याकाळी तात्या आले, ओटीला न टेकता. मुंबईतल्या गावमंडळाचा कागद दाखवला, हातात दिला नाही. बौद्धवाडीच्या नळाला विरोध, घर वाळीत टाकायला मान्यता. खाली घरोघरच्या कर्त्या पुरुषांच्या सह्या. सातवी यांची.
"नवऱ्याला कळतं, वहिनी. आठ दिवस देतो. म्हातारीकडे बघून."
यांची सही मला पाठ आहे. शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढतात, लग्नाआधीच्या पत्रांतसुद्धा होती. कागदावरच्या सहीखाली रेघ नव्हती. की अंगठ्याखाली झाकली होती? तात्यांचा अंगठा बरोबर तिथेच होता.

१७ मार्च, शनिवार
आई पहाटेपासून बोलत नाहीत. डोळे दाराकडे. पाणी चमच्याने दिले, एका बाजूने ओघळले. नारळ उशाशी पुन्हा ठेवला.
चंद्राबाई सकाळी येऊन पायरीवर बसली आहे. उठत नाही. शांताचे दार लावलेले आहे, फटीतून कुणीतरी बघते.
पत्र लिहिले. पोलादपूरच्या पेटीत टाकायला चंद्राबाईचा दीर चालला आहे. नक्कल इथे ठेवते:

"सा. न. वि. वि.
आईंची घटका भरत आली आहे. रजा नसली तरी यावे, असे लिहीत नाही. यायचे असते तर होळीला आला असता.
दोनच गोष्टी विचारते. मंडळाच्या कागदावर सातवी सही तुमची का? आणि आईंना बौद्धवाडीतल्या चौघांनी उचलले, तर मुलगा म्हणून तुम्ही त्यांच्यापुढे मडके धरून चालाल का?
तात्यांचा कागद पोथीत आहे, अर्धी ओळ लिहिलेला. पुढची ओळ मला लिहिता येत नाही. तुम्हाला येत असेल तर तसे सांगा, पण तुमच्या अक्षरात.
हो की नाही, एवढेच. आई थांबतील असे वाटत नाही. उलट टपाली कळवावे."