दौंडच्या उन्हाचा नियम

आप्पा, पाण्याचं तेवढं तुमचं चुकलंच होतं, आणि तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली तरी हे भांडण मी सोडणार नाही. रेडिएटरमध्ये घालायच्या कूलंटला तुम्ही रंगीत पाणी म्हणायचात. सणसवाडीला पहिला पगार झाला तेव्हा मी शिरूरला उतरून मुद्दाम पाच लिटरचा हिरवा कॅन घेतला आणि एसटीत मांडीवर धरून भांडगावपर्यंत आणला, तुमच्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानासाठी. तुम्ही झाकण उघडलंत, वास घेतलात. "गोड येतोय. मुंग्या लागतील." एवढं म्हणून सगळा कॅन मोरीत ओतलात आणि धुऊन त्यात पावसाचं पाणी भरलंत. वर मला म्हणालात, "कॅन चांगला हाय." मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. दोन महिने तुमच्याशी धड बोललो नाही, ते तुमच्या लक्षात तरी आलं का, माहीत नाही.

तुम्हाला पाण्याचं वेडच होतं. दुकानाच्या पत्र्यावरनं पडलेलं पाणी तुम्ही दोन पिंपांत धरून, फडकं बांधून ठेवायचात. आई भाताला तांब्याभर मागायची, तिला मिळत नसे. एकदा तळेगाव ढमढेऱ्याचा एक मेथी-कोथिंबीरवाला आला होता, पिकअप उकळतीय म्हणून. मला तो दिवस आत्ता चालल्यासारखा दिसतो. तुम्ही रेडिएटरची वरची टाकी उघडता, सुरीच्या टोकानं आतला पांढरा क्षार खरवडता आणि त्याच्या नाकापुढं धरता. "बोअरचं घालतोस न्हवं? बायकूला चहाला कुठलं देतोस?" तो म्हणतो, "नळाचं." तुम्ही म्हणता, "मग ही काय तिची सवत हाय व्हय?" बिचारा हसावं की नाही या विचारात उभा. जाताना तुम्ही त्याला पिंपातलं पाणी घालून दिलंत आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. दुरुस्तीचा मात्र एक रुपया कमी केला नाहीत.

आता माझं ऐका. मी हिमाचलात आहे, रस्त्याच्या कामावर. आपल्याकडं थंडी म्हणजे सकाळी कानाला मफलर, इथं थंडी म्हणजे बादलीतलं पाणी बादलीच्या आकाराचा दगड होतं. मी मेकॅनिकच्या हाताखालचा माणूस. गेल्या महिन्यात मेकॅनिक रजेवर खाली गेला आणि माल उचलायचा, बर्फ लोटायचा लोडर माझ्यावर सोपवून गेला. त्याचा एक पाइप गळत होता. मी बदलला. कूलंट निम्म्याहून जास्त गळून गेलेलं, तेवढं भरायचं होतं. स्टोअरमध्ये या थंडीत न गोठणाऱ्या कूलंटचं पिंप होतं, चावी माझ्या खिशात होती. आणि मी काय केलं, तर झऱ्याचं पाणी आणून ओतलं. चांगलं गोडं, काचेसारखं पाणी. ओतताना मला बरंसुद्धा वाटलं. तुमच्याशी भांडताना मी कूलंटवाला, आणि एकटा असलो की हात तुमचे चालतात. सकाळी बघतो तर रेडिएटरच्या नळ्या वाटाण्याच्या शेंगा उलाव्यात तशा उभ्या उललेल्या. पाणी गोठून फुगलं होतं. नशीब की इंजिनचा ठोकळा तडकला नाही.

साहेब आले. त्यांनी रेडिएटरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "सादा पानी डाला? तू मेकॅनिक है या माली?" लोडर चालवणारे चाचा इथलेच, साठीचे. त्यांनी माझी बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि परत मिटलं, कारण घेण्यासारखी बाजूच नव्हती. त्याच दोन दिवसांत बर्फ पडून रस्ता बंद झाला होता. नवा रेडिएटर खालून यायचा, तो रस्ता उघडल्यावर, आणि रस्ता उघडणार तो याच लोडरनं. कँपात चाळीस माणसं, पीठ पाच दिवसांचं. साहेब शांतपणे म्हणाले, "रास्ता खुलते ही तू नीचे जाएगा. सामान बाँध ले." आप्पा, याआधी मी पाच ठिकाणं सोडली, पण सगळी मीच सोडली होती. मला कुणी काढलं नव्हतं. मी म्हणालो, "साहेब, दो दिन दो. जोड देता हूँ." ते म्हणाले, "किससे? थूक से?"

खरं तर तेवढंच होतं माझ्याकडं. पण रेडिएटर जुना, पितळ-तांब्याचा होता, तुम्ही दुरुस्त करायचात तसला. प्लास्टिकच्या टाकीचा असता तर मी गुपचूप सामान बांधलं असतं. कथील वितळवून डाख द्यायचा तांब्याचा ठोकळा नव्हता, तो अर्थिंगच्या पट्टीच्या घड्या ठोकून केला आणि खोलीतल्या शेगडीत तापवला. कथील इलेक्ट्रिशियनच्या तारेतून मिळालं. डाख धरायला तेजाब लागतं, ते संडास धुवायचं घेतलं. त्यात टॉर्चच्या जुन्या सेलचं जस्त कापून टाकलं आणि फसफस थांबेपर्यंत उघड्यावर ठेवलं, तुम्ही करायचात तसंच. चाचा लांबून बघत होते. म्हणाले, "बेटा, ये रेडिएटर बना रहा है या बम?" मी म्हणालो, "जो पहले बन जाए."

फुटलेल्या नळ्या जोडता येत नाहीत, त्यांची दोन्ही तोंडं डाखानं बंद करायची असतात, हे मला पाठ. तुमचा नियमही पाठ. शंभरात दहा, त्याच्या वर एकपण न्हाई, नाहीतर गाडी उकळणार. मी मोजल्या. एकशे चाळीस नळ्यांत एकेचाळीस गेलेल्या. तुम्ही असतात तर भंगारात टाक म्हणाला असतात, आणि मग माझ्या डोक्यात आलं की तुम्ही हा नियम कुठं बसून केला होतात. भांडगावच्या पत्र्याखाली, चैत्रात, जिथं पान्हा उन्हात राहिला तर हाताला चटका बसतो. तो दौंडच्या उन्हाचा नियम होता. इथं वारंच इतकं गार की इंजिन तापवायला मेहनत पडते. इथं नियम माझा. मी एकेचाळीसच्या एकेचाळीस बंद केल्या. अर्ध्या कापलेल्या पिंपातला बर्फ फोडून रेडिएटर बुडवला, चाचांनी सायकलच्या पंपानं हवा भरली. दोन ठिकाणी बुडबुडे आले. दोनदा परत डाख दिला. तिसऱ्या खेपेला पाणी गप्प राहिलं.

मग पिंपातलं हिरवं कूलंट भरलं, इथल्या थंडीला लागतं तेवढं, मापानं. चाचांनी लोडर चालू केला आणि बर्फाला भिडवला. मी पायरीवर उभा राहून इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडं बघत होतो. एक तास, दोन तास. काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पिठाचा ट्रक वर आला तेव्हा चाचांनी इतका वेळ हॉर्न वाजवला की साहेब बाहेर आले. मी रेडिएटरवर हात ठेवून उभा होतो. आप्पा, कोमट होता. तुम्ही पाहायला हवे होतात. जिंकलो मी. तुमच्या हुन्नरानं आणि तुमचा नियम मोडून, दोन्ही एकदम. तरी तुम्ही डाखाचा रंगच कसा फिका आलाय, हे काढलं असतंत, ते मला माहीत आहे.

सामान सोडलंय. मेकॅनिक परत आला, तरी साहेबांनी मला दुसरा मेकॅनिक केलं. कागद भरताना विचारलं, "ये काम कहाँ सीखा?" आणि मी म्हणालो, सणसवाडीला, कंपनीत. तिथं मी खोक्यांवर लेबलं चिकटवत होतो. पत्र्याचं दुकान सांगायला जीभ वळली नाही. त्यांनी तेच लिहून घेतलं. हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून तुम्हाला सांगून टाकतो. पगार वाढला तो त्या कंपनीच्या नावावर, तुमच्या नाही. वाढलेले पहिले पैसे मला स्वतःकडं ठेवावेसे वाटेनात. आज आईच्या खात्यावर टाकतोय, साडेसात हजार.