चार्जरचा लाल दिवा

मंगळवार, दिवेलागण

काही कळंना. गोठ्यात कडबाकुट्टीचं जे जाड पिनेचं सॉकेट आहे, त्यालाच बॅटरीवरची नवी गाडी चार्जिंगला लावायची असं ठरलं. वायरमननं नवी वायर ओढली, अर्थिंगला खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरला. तरी सकाळी लावली की चार्जरचा दिवा हिरवा, संध्याकाळी लावली की लाल, म्हणजे चार्जिंग बंद. सॉकेट तेच, वायर तीच. मग लाल कावून?

उद्या बहिणीला लिंबागणेशहून दवाखान्यात न्यायचंय, आणि आजही लालच. वायरमनला फोन लावला. म्हणाला, "अर्थिंग सुकलं असंल. खड्ड्यात पाणी टाकता का न्हाई?"

मी तर कधीच टाकलं नाही. मग सकाळी हिरवा कसा होतो?

मायला विचारलं. ती म्हणाली, "पहाटं भांडी घासलेलं पाणी मी तिथंच ओतते. दुपारपर्यंत ऊन पिऊन टाकतं."

म्हणजे इतके दिवस गाडी मायच्या भांड्यांच्या पाण्यावर चालली म्हणायची? हसावं की काय करावं? नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. घरात एकच बादली भरलेली होती, शेळ्यांची. तीच खड्ड्यात ओतली. थोड्या वेळानं लाल दिवा हिरवा झाला.

बरोबर केलं का? बहिणीचं काम तर टाळता येत नाही.

माय रिकामी बादली उचलत एवढंच म्हणाली, "शेळ्या दुपारपून वरडायल्यात, ते तुला ऐकू आलं न्हाई. दिवा बरा दिसला."