माझ्या नावापुढचं शून्य

सोलापूर, १२ नोव्हेंबर १९७४, मंगळवार

संध्याकाळी कांडपाच्या मशीनचा विषय पुन्हा काढला. शेंगाचटणीची मागणी वाढलीय आणि माझा उजवा खांदा आता वर जात नाही. ह्यांनी कागदावर मशीनची किंमत लिहिली, सोळाशे. "महिन्याला वाचणार किती?" मी म्हटलं, कांडायची मजुरी. तर म्हणाले, "मजुरी देतो कुणाला आपण? तूच कांडतीस की. पैसे कधीच वसूल होणार न्हाईत." खाली शून्य लिहिलं आणि पान खायला बाहेर पडले.

गिरणीत रोज शेकडो माणसांची हजेरी लिहिणारा माणूस. घरातली एक दिसू नये त्यांना?

मग मीच कागद ओढला. शेजारच्या शांताबाई मिरची कांडायचे दिवसाला चार रुपये घेतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर शंभर. विजेचे वीस गेले, राहिले ऐंशी. म्हणजे मशीन वीस महिन्यांत वसूल. दोनदा तपासलं.

पेन खाली ठेवणार, तेवढ्यात सुचलं. मी दहा वर्षं कांडतेय. म्हणजे ह्या खांद्यानं आजवर सहा मशिनं फेडलीत, आणि घरात एकही आलं नाही.

ह्यांचं शून्य खोडलेलं नाही, राहू दे. शेजारी माझा हिशेब आहे. उद्याच्या शेंगा उखळात तशाच आहेत. कागद मुसळाखाली ठेवलाय. वाचायचा असेल तर मुसळ त्यांनी उचलायचं.

जिन्यात चपला वाजतायत.